छत्री तेवढी काढा: एआय चित्र ताब्यात ठेवणारे आकडे

एका दिवाळी अंकासाठी मी एआयकडून काढून घेतलेलं चित्र पाठवलं होतं. कोकणातलं कौलारू घर, बाहेर धो धो पाऊस आणि ओट्यावर विळी घेऊन नारळ खवत बसलेली आजी. संपादकांचा फोन आला, "चित्र फक्कड झालंय हो, कोपऱ्यातली ती छत्री तेवढी काढा." छत्री मी मागितलीच नव्हती. पाऊस म्हटल्यावर यंत्राने ती आपल्या मनाने ठेवली होती. मी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या लेखी सूचनेत, 'छत्री नको' असं लिहून पुन्हा बटण दाबलं. घर बदललं, आजी बदलली आणि छत्र्या दोन झाल्या. रात्री दीडपर्यंत मी शब्द इकडचे तिकडे करत बसलो आणि शेवटी पहिलंच चित्र फोटोशॉपमध्ये घासून-पुसून दिलं.

त्या रात्री मी फक्त शब्दांशी भांडत होतो. चित्रात काय हवं ते शब्द सांगतात. पण सुरुवात कुठून करायची, शब्दांचं किती ऐकायचं आणि आधीचं किती जपायचं, हे सगळं प्रॉम्प्टच्या चौकटीखालच्या आकड्यांवर ठरतं, आणि त्यांच्याकडे मी बघितलंही नव्हतं. खाली तेच आकडे आहेत, मी ज्या क्रमाने हात लावतो त्या क्रमाने.

उदाहरणं स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलची देतो. ऑगस्ट 2022मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि घरच्या संगणकावर चालतं, त्यामुळे त्याच्या सगळ्या खुंट्या आपल्या हाताशी असतात. मी ऑटोमॅटिक1111 या नावाचा वेब इंटरफेस वापरतो. फोर्ज आणि कम्फीयूआय हे असेच दुसरे इंटरफेस. फोर्जमध्ये जवळजवळ हेच रकाने दिसतील. कम्फीयूआयमध्ये मांडणी वेगळी असली तरी नावं बहुतेक तीच आहेत. प्रॉम्प्ट इथे मराठीत लिहितोय, पण तुम्ही ते इंग्रजीत टाका. कारण पुढे येईलच.

पहिलं पाऊल: बी धरून ठेवा

यंत्र चित्र कोऱ्या कागदावर काढत नाही. टीव्हीचा सिग्नल गेल्यावर पडद्यावर मुंग्या दिसायच्या, तशा मुंग्यांनी भरलेल्या चौकटीपासून ते सुरुवात करतं आणि दर फेरीला थोड्या मुंग्या पुसत जातं. त्या पहिल्या मुंग्या कशा पडतील हे सीड नावाचा आकडा ठरवतो. मराठीत त्याला सरळ बी म्हणा. बी तेच, बाकीचं सगळं तेच, तर चित्रही तेच. सीडच्या रकान्यात मुळात -1 असतो. त्याचा अर्थ, दर वेळी नवीन बी पेर. छत्रीच्या रात्री तिथे -1च होता. मी 'छत्री नको' लिहिलं नसतं तरी घर आणि आजी बदलणारच होती!

म्हणून आधी -1 ठेवूनच आठ-दहा चित्रं काढा. रंग, हातपाय, चेहरा काही बघू नका. फक्त मांडणी बघा: घर कुठे, आजी कुठे, उजेड कुठून. जी मांडणी पटेल तिच्याखालचा सीडचा आकडा रकान्यात आणा (शेजारच्या हिरव्या पुनर्वापराच्या बटणाने तो आपोआप येतो) आणि तिथून पुढे त्याला हात लावू नका.

दोन गोष्टी इथे फसवतात. चित्राची लांबी-रुंदी बदलली की मुंग्यांची चौकटच बदलते, म्हणजे बी तेच असूनही चित्र निराळं येतं. माप म्हणूनच आधी ठरवायचं. दुसरं, ऑटोमॅटिक1111मधलं बी मित्राने कम्फीयूआयमध्ये टाकलं तर त्याला तुमचं चित्र मिळणार नाही. पहिलं मुळात मुंग्या ग्राफिक्स कार्डावर तयार करतं, दुसरं प्रोसेसरवर.

माप

मॉडेल ज्या मापाच्या चित्रांवर शिकलं, त्याच्या आसपास राहा. स्टेबल डिफ्यूजन 1.5 हे 512 बाय 512वर शिकलेलं. जुलै 2023मध्ये आलेली त्याचीच पुढची आवृत्ती, एसडीएक्सएल, 1024 बाय 1024वर. 1.5कडून एकदम 1024 उंचीचं चित्र मागितलं की आजीच्या डोक्यावर दुसरी आजी उगवते, कारण त्याला ती दोन चित्रं वाटतात. एसडीएक्सएलमध्ये आडवं चित्र हवं तर 1216 बाय 832 किंवा 1344 बाय 768 घ्या, उभं हवं तर तेच आकडे उलटे. छपाईसाठी मोठं लागेल, पण ते शेवटी हायरेस फिक्सने किंवा अपस्केलरने (चित्र मोठं करणाऱ्या सोयी) करायचं. सुरुवातीलाच नाही.

शब्द, आणि यंत्राला माहीत नसलेली विळी

प्रॉम्प्टच्या चौकटीच्या कोपऱ्यात 75चा एक मोजक दिसतो. हे शब्द नाहीत, टोकन आहेत, म्हणजे शब्दांचे तुकडे. स्टेबल डिफ्यूजनमध्ये वाक्य वाचणारा क्लिप नावाचा भाग एका वेळी 77 टोकन घेतो, त्यातले दोन सुरुवात आणि शेवट दाखवायला जातात. तो मुख्यतः इंग्रजीवर वाढलेला आहे. देवनागरीत 'आजी' लिहिलंत तर त्या अक्षरांचे बारीक बारीक तुकडे होतात, जागा भरते आणि अर्थ काहीच पोचत नाही. मराठीत प्रॉम्प्ट न देण्याचं कारण हेच.

सुरुवातीच्या शब्दांना वजन जास्त मिळतं, निदान माझा अनुभव तसा आहे. त्यामुळे मी या क्रमाने लिहितो: कोण आणि काय करतंय, अंगावर काय आहे, जागा, उजेड, शेवटी चित्राची जात. 'म्हातारी बाई लाकडी पाटावर बसून नारळ खवते आहे, हिरवी साडी, कौलारू घराचा ओटा, मुसळधार पाऊस, ढगाळ उजेड, जलरंग.' बस. सुंदर, अप्रतिम, उत्कृष्ट दर्जा, आठ के वगैरे विशेषणांची माळ लोक कुठून कुठून चिकटवतात. 75 टोकनांतले वीस तिथेच गेले तर आजीसाठी उरणार काय?

आता खरी अडचण. यंत्राला साडी माहीत आहे, नऊवारी धड माहीत नाही. 'नऊवारी' लिहिलंत की बहुतेक वेळा पाचवारीच येते, वर कपाळभर दागिने. अशा वेळी नाव सांगण्यापेक्षा वस्तू दिसते कशी ते सांगावं: 'धोतरासारखी पायांमधून मागे खोचलेली साडी, पोटऱ्या उघड्या.' कासोटा बऱ्यापैकी जमतो. नथ म्हटलं तर नाकात कडी येते. 'एका नाकपुडीवर मोत्यांचा छोटा झुबका' म्हटलं तर जरा बरं.

विळीपुढे मात्र मी हात टेकले. 'लाकडी पाटावर उभं वाकडं लोखंडी पातं, टोकाला दातेरी चकती' हे वर्णन देऊन मला कोयता मिळाला, मासळीचा गळ मिळाला, एकदा शिवणयंत्र मिळालं. काही वस्तू शब्दांनी येतच नाहीत. त्यांचा रस्ता पुढे आहे.

शब्दाचं वजन वाढवायचं असेल तर त्याला गोल कंसात टाकून पुढे आकडा द्या: (पाऊस:1.3). नुसता कंस म्हणजे 1.1 पट, दुहेरी कंस म्हणजे 1.21 पट. चौकोनी कंसाने वजन तितक्याच प्रमाणात उतरतं. शब्द निवडून कंट्रोल आणि वरचा बाण दाबलात तर आकडा आपोआप चढतो. 1.4च्या वर मी जात नाही. त्यापुढे पाऊस पडत नाही, चित्रच फाटायला लागतं.

रंगांची गळती सगळ्यांनाच छळते. 'हिरवी साडी, लाल बांगड्या, पिवळी भिंत' म्हटलं की भिंत हिरवी आणि साडीला लाल काठ. वजनं वाढवून हे सुटत नाही. प्रॉम्प्टमध्ये एकच महत्त्वाचा रंग ठेवा, बाकीचे नंतर इनपेंटमध्ये (चित्राचा निवडलेला तुकडाच नव्याने काढायची सोय) भरा.

नको ते नकोच्या चौकटीत

'छत्री नको' लिहिल्यावर छत्र्या दोन का झाल्या? हा वाचणारा भाग नकार नीटसा समजत नाही. त्याने 'छत्री' तेवढं ऐकलं. नको असलेली गोष्ट निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या वेगळ्या चौकटीत जाते, आणि तिथे नुसतं 'छत्री' लिहायचं, 'नको' न लावता.

ही चौकट कशी चालते ते पुढच्या आकड्यावरून कळेल.

सीएफजी स्केल: यंत्राचा हट्ट

मुंग्या पुसण्याच्या प्रत्येक फेरीत यंत्र दोन अंदाज करतं. एक तुमचा प्रॉम्प्ट वाचून, दुसरा प्रॉम्प्टशिवाय. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या शब्दांनी घातलेली भर. ती भर किती पट वाढवायची हे सीएफजीचा आकडा सांगतो. निगेटिव्ह चौकटीत काही लिहिलं की ते 'प्रॉम्प्टशिवाय'च्या जागी जाऊन बसतं आणि चित्र त्याच्यापासून लांब ढकललं जातं. आकडा 1 केला तर गुणाकाराला अर्थच राहत नाही, आणि निगेटिव्ह चौकट मुकी होते.

ऑटोमॅटिक1111मध्ये हा आकडा मुळात 7 असतो. 3-4वर चित्र मऊ आणि मोकळं येतं, पण सांगितलेलं अर्धंच ऐकतं. जलरंगाला मला 5 आवडतो, कारण रंग जरा फुटलेले राहतात. 12-15च्या पुढे रंग भाजल्यासारखे होतात, सावल्या काळ्याकुट्ट, कडा टोचणाऱ्या. चित्र ऐकत नाही म्हटल्यावर नवखा माणूस पहिल्यांदा हाच आकडा चढवतो. बहुतेक वेळा दोष प्रॉम्प्टच्या गर्दीचा असतो.

नव्या मॉडेलांमध्ये इथे बदल झालाय. ऑगस्ट 2024मध्ये आलेल्या फ्लक्सच्या डेव्ह आवृत्तीत हा दोन अंदाजांचा खेळ आधीच मॉडेलात मुरवलेला आहे. तिथे सीएफजी 1च ठेवायचा आणि गायडन्स नावाचा वेगळा आकडा 3.5च्या आसपास. निगेटिव्ह चौकट तिथे शोभेची. त्या बदल्यात फ्लक्सला लांब, सरळ वाक्यं समजतात, त्यामुळे स्वल्पविरामांच्या तुटक यादीपेक्षा वर्णन लिहावं.

स्टेप्स आणि सॅम्पलर

स्टेप्स म्हणजे पुसण्याच्या फेऱ्या, सॅम्पलर म्हणजे पुसण्याची पद्धत. डीपीएम प्लस प्लस टू एम कॅरास घ्या, 20 ते 30 फेऱ्या द्या आणि पुढे चला. 80 केल्याने वीज जास्त जाते, चित्र तेच राहतं.

फक्त एवढं लक्षात ठेवा: ज्यांच्या नावाच्या शेवटी सुटा 'ए' असतो, उदाहरणार्थ ऑयलर ए, ते सॅम्पलर दर फेरीला थोड्या नव्या मुंग्या टाकतात. त्यामुळे 20 फेऱ्यांचं चित्र आणि 40 फेऱ्यांचं चित्र वेगवेगळं निघू शकतं. कल्पना शोधताना ते मजेचं असतं, पण संपादकांनी चित्र मान्य केल्यावर तोच गुण डोकेदुखी होतो.

एका वेळी एकच खुंटी

तंबोरा लावताना चारही खुंट्या एकदम पिळत नाहीत. इथेही तसंच. पण पाच आकड्यांची वेगवेगळी चित्रं हाताने काढून नजरेत ठेवणं अवघड, म्हणून पानाच्या तळाशी स्क्रिप्टच्या यादीत एक्स-वाय-झेड प्लॉट आहे. एक्सच्या जागी सीएफजी स्केल निवडून 3, 5, 7, 9, 12 असे आकडे द्या. वायच्या जागी स्टेप्स: 12, 20, 30. बी पक्कं असल्याची खात्री करा आणि बटण दाबून चहा ठेवा. पंधरा चित्रांचा एक तक्ता तयार होतो आणि कुठे चित्र भाजायला लागलं ते एका नजरेत दिसतं.

एक्सच्या जागी निवडायला प्रॉम्प्ट एस-आर हाही पर्याय आहे, म्हणजे शोधा आणि बदला. पहिला शब्द प्रॉम्प्टमध्ये जसाच्या तसा असलेला द्यायचा, पुढे त्याचे पर्याय: जलरंग, तैलरंग, लाकडी ठशाचं चित्र, कोळशाचं रेखाटन. एकाच मांडणीचे चार अवतार समोर येतात. संपादकांना मी आता हाच तक्ता पाठवतो. 'जरा वेगळं काहीतरी' हे वाक्य त्यानंतर कमी ऐकू येतं.

दुरुस्ती: इनपेंट आणि विळीचा रस्ता

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. मांडणी पटलेलं चित्र इनपेंटच्या खिडकीत न्या आणि छत्रीवर ब्रश फिरवा, कडेला थोडी जागा सोडून. ब्रश फिरवलेल्या भागाला मास्क म्हणतात. मग हे आकडे:

डीनॉइझिंग स्ट्रेंग्थ म्हणजे जुन्या चित्रावर किती मुंग्या परत टाकायच्या. 0 म्हणजे काहीच बदल नाही, 1 म्हणजे जुनं जवळजवळ विसरा. वस्तू काढून टाकायची तर 0.8च्या आसपास आणि मास्क्ड कंटेंटमध्ये 'फिल', म्हणजे आधी आजूबाजूच्या रंगांनी ती जागा भरली जाते. बोटं किंवा चेहरा सुधारायचा तर 'ओरिजिनल' आणि 0.4 ते 0.55.

इनपेंट एरियामध्ये 'ओन्ली मास्क्ड' निवडलं की यंत्र तेवढाच तुकडा मोठा करून, पूर्ण मापावर नव्याने काढतं आणि परत बसवतं. लांबून काढलेल्या आजीचा चेहरा चिखलासारखा येतो, कारण त्याच्या वाट्याला मोजके पिक्सेल आलेले असतात. ही निवड केली की तो चेहरा उघडतो. पण प्रॉम्प्टही तेवढ्याच तुकड्याचा द्यायचा. मी एकदा पूर्ण प्रॉम्प्ट तसाच ठेवला आणि आजीच्या चेहऱ्याच्या जागी छोटंसं कौलारू घर आलं, पावसासकट.

आता विळी. आमच्या स्वयंपाकघरातली विळी ओट्यावर ठेवली, चित्रातल्या कोनातून मोबाइलवर फोटो काढला, पार्श्वभूमी कापून ती आजीच्या पुढ्यात चिकटवली. अगदी ओबडधोबड, उजेड जुळत नाही, सावली नाही. मग त्या भागावर इनपेंट, 'ओरिजिनल', डीनॉइझिंग 0.35. एवढ्या कमी आकड्यात यंत्राला वस्तूचा आकार बदलायला वाव नसतो, पण रंगाची जात आणि सावली ते जुळवून घेतं. 0.3वर फोटो फोटोच राहिला, 0.5वर पातं वितळलं. तुमच्या चित्रात आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण शोधायचा याच पट्ट्यात. समई, पाटा-वरवंटा, ढोलकी, जे जे यंत्राने धड बघितलेलं नाही त्या सगळ्याला हाच उपाय.

बसण्याची ढब जमत नसेल तर 2023मध्ये आलेलं कंट्रोलनेट घ्या. नमुन्याच्या फोटोवरून मांडणी उचलणारी ही जोड आहे. घरातल्या कुणाला तरी त्या ढबीत बसवून फोटो काढा आणि त्यातल्या ओपनपोझमध्ये टाका. तिथून फक्त सांध्यांचा सांगाडा उचलला जातो, चेहरा किंवा कपडे नाहीत. घराची रेघ न् रेघ टिकवायची तर कॅनी, नुसतं काय जवळ आणि काय लांब एवढंच टिकवायचं तर डेप्थ. त्यातला शेवटच्या स्टेपचा आकडा 1वरून 0.6वर आणा. पहिल्या साठ टक्के फेऱ्यांत सांगाडा पक्का होतो, नंतर यंत्राला मोकळं सोडलं की चित्र ताठ वाटत नाही.

चित्रात मराठी अक्षरं हवी असतील, दुकानाची पाटी किंवा अंकाचं नाव, तर या मॉडेलांच्या नादी लागू नका. देवनागरीच्या नावाखाली नुसती शिरोरेघेची जाळी मिळते. पाटी कोरी ठेवा आणि अक्षरं इंकस्केपसारख्या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये टाका.

मोबाइलवरच काम असेल तर

मिडजर्नी या ऑनलाइन चित्रसेवेत असे आकडे प्रॉम्प्टच्या शेवटी, दोन आडव्या रेघांनंतर लिहायचे असतात. एआर म्हणजे मापाचं प्रमाण. स्टायलाइझ 0 ते 1000, मुळात 100, जितका जास्त तितकं ते स्वतःच्या आवडीचं काढणार. केऑस 0 ते 100, म्हणजे एका खेपेतली चित्रं एकमेकांपासून किती वेगळी. 'नो' म्हणजे तिथली निगेटिव्ह चौकट. आजी साधी ठेवायची तर स्टायलाइझ 50च्या खाली आणा, नाहीतर ती फॅशनच्या मासिकातून उठून आल्यासारखी दिसते.

चॅटजीपीटी किंवा जेमिनायमध्ये या खुंट्या समोर नाहीत, पण मराठी मात्र समजतं. 'छत्री काढ, बाकी सगळं तसंच ठेव' एवढं चालतं. मात्र एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत गेलात की चेहरा हळूहळू सरकतो. प्रत्येक दुरुस्तीसाठी मूळ चित्रच पुन्हा द्या आणि सगळ्या सूचना एकत्र लिहा.

आकडे हरवू नका

ऑटोमॅटिक1111 प्रत्येक पीएनजी फाइलच्या पोटात प्रॉम्प्ट, बी, सीएफजी, सॅम्पलर, माप, मॉडेलचं नाव असं सगळं लिहून ठेवतं. सहा महिन्यांनी ती फाइल पीएनजी इन्फोच्या खिडकीत टाकली की सगळे रकाने परत भरता येतात. मात्र इनपेंट केलेल्या फाइलमध्ये शेवटच्या दुरुस्तीचेच आकडे असतात. म्हणून मांडणीचं पहिलं चित्र, चिकटवाचिकटवीचं चित्र आणि शेवटचं, तिन्ही मी एकाच फोल्डरमध्ये ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून हे सगळं गळून जातं. संपादकांना पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्यांना आकडे दिसू नयेत असं वाटत असेल तर मुद्दाम फोटो म्हणून.